टिटवाळ्याचं विसावं घर

आश्विन वद्य अष्टमी. कल्याण.

आज तेराव्याला पंगतीला होते ते असे: इकडची स्वारी, म्हणजे तुमचा बापू, ठाण्याहून माझे मामा, शेजारच्या सखूमावशी, दोन भटजी. खंडूशेट वाणी ओटीवर पानसुपारीपुरते बसून गेले. मागच्या दारी पारूबाय आली होती, केळीच्या पानांचा भारा घेऊन. पानं तिची, जेवणारे आपण, आणि ती मात्र उन्हात उभी. तिला बसायला पाट दिला, तर म्हणाली, "नको बाय, अंबूबाय असती तं बसली असते."

टिटवाळ्याहून कोणी आलं नाही. त्यांना मी कळवलेलंच नाही.

वन्सं, मी हजेरीपासून सुरुवात केली म्हणून तुम्ही हसाल. हसा. तुम्ही म्हणायचात, "यमुनेला यमराज न्यायला आला तर ती आधी त्याच्याकडून सामानाची यादी लिहून घेईल." यमराज आला तो तुमच्याकडे, आणि त्यानं मला काहीच लिहून दिलं नाही. दोन दिवस अंग मोडून ताप, मग ती ग्लानी, आणि मग मी तुमच्या उशाशी तांब्या ठेवायला वाकले तर तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून घरात एक शब्द फिरतोय. कशावरून?

तो तुमचाच शब्द. मी भाजीवालीला म्हणते, तुझी वांगी त्या पलीकडचीपेक्षा बरी. आणि मागून कोणीतरी विचारतं, कशावरून? मामा जेवताना म्हणाले, "ठाण्याचा पापडखार तो ठाण्याचा पापडखार, त्याला जोड नाही." मी मान डोलवायला गेले आणि मान तशीच थांबली. सखूमावशींनी पाहिलं. "काय झालं गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही, लवंग दाताखाली आली." भातात लवंग नव्हती.

तुमचं सोवळं अजून वळणीवर आहे. ओलं नाही, पण उतरवायला गेलं की हाताला ओलं लागतं. मी तीनदा काठी उचलली आणि खाली ठेवली. मी अशी नाही, तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातून काम असं लोंबकळत राहत नाही.

भांडण कुठून सुरू झालं ते मला नीट आठवतं, कारण ते स्वयंपाकघरात नाही, पटावर सुरू झालं. दुपारी निजानीज झाली की आपण दोघी माजघरात चौसर मांडायचो. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. त्या दिवशी तुम्हाला सारखं हवं तेच दान पडत होतं. मी चिडून म्हटलं, "वन्सं, चिंचोके तुम्हाला ओळखतात."

"ओळखत असतील तर पुन्हा टाकते," तुम्ही म्हणालात. टाकलेत, आणि काहीच पडलं नाही. मग मला म्हणालात, "बघ. चारदा पडलं म्हणून तू मला जादूगारीण ठरवलंस. नुसतंच पडलं असेल, हे तुझ्या मनात आलं नाही."

त्याच आठवड्यात मी ते पापडांचं बोलून बसले. तुमच्या आईंच्या वेळेपासून या घरचे पापड केळीच्या खाराचे. पारूबायच्या गावाहून केळीचे खुंट जाळून केलेली राख यायची, ती पाण्यात भिजवून, निवळून, त्या निवळीत उडदाचं पीठ भिजवायचं. दोन दिवसांचं काम, हाताची साल निघते. मी माहेराहून, ठाण्याहून, बाजारचा तयार पापडखार आणला. चिमूटभर टाकला की झालं. त्याचे पापड मी माझ्या मैत्रिणींत वाटले आणि येऊन सांगितलं, "सगळ्यांना माझेच आवडले."

तुम्ही जात्याजवळ बसला होतात. मान वर न करता विचारलंत, "कोणाकोणाला दिलेस?"

मी नावं सांगितली.

"आणि माझे कोणाला दिलेस?"

"कचेरीच्या आळीत."

"म्हणजे तुझे तुझ्या मैत्रिणींना आणि माझे त्या मामलेदाराच्या सासूला, जिला स्वतःच्या लेकीनं केलेलंही गोड लागत नाही. आणि आता पापड जिंकले म्हणतेस! अगं, मैत्रिणी जिंकल्या."

इकडून ओटीवर हे ऐकून इतकं हसणं झालं की शिकवणीची मुलं आत डोकावून गेली. मला राग आला होता. पण त्या रागातच मी विचारलं, मग कसं करायचं ते तुम्हीच सांगा. आणि तुम्ही सांगितलंत. सगळं एका बैठकीत नव्हे. वाद घालत घालत, एक गोष्ट तुमची, एक माझी, असं ते जुळत गेलं.

वीस घरं घ्यायची, ही माझी गोष्ट. मी आळीवार यादी केली: स्टेशनाकडची, कचेरीकडची, बंदराकडची, दोन ब्राह्मणआळीतली. कोणतं घर कोणत्या पापडांना जाईल ते आपण दोघींनी ठरवायचं नाही, ही तुमची. त्यासाठी कवडी टाकायची. उताणी पडली तर पहिल्या जातीचे, पालथी पडली तर दुसऱ्या, आणि एका जातीची दहा घरं भरली की उरलेली दुसरीला. म्हणजे मामलेदाराची सासू कोणाच्याही वाट्याला येवो, दोष कवडीचा.

पापडांची जात कळू नये म्हणून पुडीच्या दोऱ्याला खूण ठेवायची. मी म्हटलं, एकीला कुंकवाचं बोट लावू, एकीला हळदीचं. म्हटल्यावर जीभ चावली. तुम्ही काहीच न झाल्यासारखं म्हणालात, "माझ्या हाताला ती दोन्ही नकोत गं. मी गाठी मारीन. एकीला एक, दुसरीला दोन."

आणि कुठल्या गाठीत कुठला खार, हे फक्त तुम्हाला माहीत. कारण पीठ तुम्हीच भिजवायचं, सोवळ्यात. तुम्ही सोवळ्यात असताना स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायची या घरात कोणाची छाती? मी बाहेर, सखूमावशी बाहेर. तुम्ही लाट्या कुटून, तेल लावून, ओल्या फडक्याखाली ताटात सरकवायच्या, आणि आम्ही अंगणात बसून लाटायच्या. एक दिवस एका खाराच्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. मी वास घेतला, रंग पाहिला, कच्च्या लाटीचा तुकडा तोंडात टाकला. आतून आवाज आला, "चाखू नकोस. तू चाखलंस तर तुझ्या तोंडावर दिसेल, आणि पुडी देताना तेच तोंड घेऊन जाशील."

मी म्हटलं, निदान कागदावर लिहून पेटीत तरी ठेवा.

"कागद ठेवला तर तू वाचशील."

"मी? मी तशी वाटते तुम्हाला?"

"नाही. पण पेटीवरून जाता येता तुझा जीव जाईल. माझ्या डोक्यात आहे ते बरं आहे. तिथे तुझा हात पोचत नाही."

पोचला नाही, वन्सं. अजून पोचलेला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला पुड्या वाटल्या. चार महिने जाऊ द्यायचे, हेही तुमचंच. पापडाची परीक्षा वैशाखात नाही, भाद्रपदात. दमट हवेत कुठला वातड होतो, कुठल्याला बुरशी धरते, तळल्यावर कुठला फुलतो. आणि मग घरोघर जायचं. "कसे होते?" असं विचारायचं नाही. समोर उभं राहून विचारलं तर सगळ्याच बायका छान होते म्हणणार. "पुढच्या वर्षी आमच्याकडून घेणार का?" एवढंच विचारायचं, आणि होय किंवा नाही, एवढंच घेऊन यायचं. बरोबर चहा घ्यायचा नाही, असंही तुम्ही सांगितलं होतंत. तो मी बंदरावरच्या घरात एकदा घेतला. तिथलं उत्तर 'नाही' असंच आलं, तेव्हा त्यानं काही बिघडलं नसावं.

हे सगळं काही नुसता दुपारचा खेळ नव्हता. खंडूशेटनं सांगितलं होतं की येत्या लगीनसराईत त्याच्या दुकानातून आपलेच पापड जातील, पण एकाच जातीचे. "वहिनी, मला दोन तऱ्हा नकोत. गिऱ्हाईक गाठी मोजत नाही. एक माल द्या, तोच वर्षानुवर्षं द्या. दिवाळीपर्यंत सांगा." आणि पारूबायला त्याच्याही आधी सांगायला हवं होतं. केळीचे घड उतरले की खुंट पडतात. लगेच वाळवून जाळले तर राख; नाहीतर पावसाच्या ओलीत कुजून जातात, नाहीतर खतात. केळीचा खार सोडायचा तर तो एकदाचाच सुटणार होता. एक वर्ष राख घेतली नाही तर पारूबाय पुढच्या वर्षी कशाला खुंट वाळवील? तुमच्या आईंची रीत या घरातून जाणार की राहणार, ते वीस घरं ठरवणार होती.

भाद्रपदात मी निघाले. रोज दोन-तीन घरं. एकोणीस झाली. एका गाठीच्या दहा घरांपैकी नऊ जणींनी होय म्हटलं. दोन गाठींच्या नऊंपैकी तिघींनी.

राहिलं होतं ते एकच, दोन गाठींचं. स्टेशनातल्या तारमास्तरांचं. श्रावणात त्यांची बदली टिटवाळ्याला झाली आणि त्यांच्या भागीरथीबाई आपली पुडी बरोबर घेऊन गेल्या.

मी धावतच घरी आले. तुम्हाला कणकण होती, पण बसल्या होतात, पाठीला भिंत लावून. मी सांगितलं: नऊ आणि तीन! तुमचे डोळे चमकले, ते कशानं ते मला आता कधीच कळणार नाही.

"वन्सं, सांगा आता. एक गाठ कोणाची?"

"किती घरं झाली?"

"एकोणीस."

"वीस कर. मग सांगते."

"अहो, एका घरानं काय होतंय? नऊ आणि तीन!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तापानं ओठ सुकले होते. म्हणालात, "यमुने, तुला उत्तर आवडलंय म्हणून थांबतेयस. आवडलं नसतं तर टिटवाळ्याला चालत गेली असतीस."

"मला काय माहीत कुठली गाठ माझी? मला कसं आवडेल?"

"तेच तर. तुला माहीत नाही, तरी तू ठरवून टाकलंयस की नऊवाली तुझी. दिसतंय तोंडावर."

ते खरं होतं. आणि मी हसले, तुम्हीही हसलात, आणि मी म्हटलं, बरं, उद्या सकाळच्या गाडीनं जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला सोडून जाण्याजोगं राहिलं नव्हतं. वैद्यबुवा आले. काढा दिला. मला म्हणाले, माझ्या काढ्यानं ताप उतरतोच. तुम्ही डोळे मिटून होतात, पण ओठ हलले. वैद्यबुवांना वाटलं, रामनाम. मी वाकले होते, मला ऐकू आलं. "न घेता उतरला असता तर?"

तुमचं मला ऐकू आलेलं शेवटचं वाक्य ते आहे. लोकांना काय सांगू? सगळे विचारतात, शेवटी काय म्हणाल्या? मी रामनामच सांगते.

सुतकात माझे हात मोकळे होते. चूल सखूमावशींकडे. मी दुपारी माजघरात बसले, चौसराचा पट न मांडता, फक्त चिंचोके घेऊन. आपण ठरवलंच होतं की शेवटी हे करायचं. गाठीनं काहीच फरक पडत नसता, सगळ्या घरांनी आपल्या मनाला येईल तसं होय-नाही म्हटलं असतं, तर नुसत्या योगानं नऊ आणि तीन पडतात का? पडतात तर किती वेळा? ते चिंचोक्यांना विचारायचं.

वीस चिंचोके. होय म्हणणाऱ्या घराचा चिंचोका चुना लावलेला, नाही म्हणणाऱ्याचा तसाच. चुना वाळू द्यायचा, बोटाला खरखर लागता कामा नये. यावरून तुम्ही मला एकदा सगळे धुवायला लावले होतेत. सगळे तांब्यात, तांब्या हलवायचा, न बघता दहा काढायचे. ते दहा एका ढिगात, उरलेले दुसऱ्यात. कुठल्याही ढिगात पांढरे नऊ किंवा त्याहून जास्त आले की एक काडी बाजूला. मी म्हणत होते एकाच ढिगातले मोजू. तुम्ही म्हणालात, "का? दोन गाठीवाली नऊ आली असती तर तू ओरडत आली नसतीस? मग तीही मोज." आणि असं शंभर वेळा. शंभरात काड्या एका हाताच्या बोटांत मावल्या तर फरक खरा मानायचा. बोटांपेक्षा जास्त झाल्या तर तो नुसता योग, हुरळून जायचं नाही. हात तुमचा धरायचा की माझा, असं मी विचारलं होतं. "बोटं सगळ्यांना पाचच असतात," म्हणालात. "आणि हे आत्ता ठरव. काड्या मोजल्यावर ठरवायला लागलीस तर तुला सहावं बोट फुटेल."

पण विसावं घर नव्हतं. म्हणून मी दोनदा केलं. आधी धरलं की भागीरथीबाई नाही म्हणतील. बारा पांढरे, आठ काळे. शंभर वेळा काढले. काड्या दोन.

मग धरलं की होय म्हणतील. तेरा पांढरे, सात काळे. पुन्हा शंभर. काड्या सहा.

पाच नाहीत, वन्सं. सहा. एका घरानं काय होतंय, असं मी तुम्हाला म्हटलं होतं ना? सगळं त्या एका घरावर आहे. तुम्हाला हे आधी ठाऊक होतं, की नुसताच नियम म्हणून मला पाठवत होतात? हेही विचारायचं राहिलं.

मी त्या सहा काड्यांकडे बघत बसले, आणि मला जे वाटलं ते सांगते. पाठीमागे स्वयंपाकघर बंद होतं. तिथे कोणी नव्हतं. पण लाट्या कुटताना तुमचा बत्ता जसा थांबून थांबून पडायचा, तसा पडत होता. मी उठले नाही. तुम्ही सोवळ्यात असाल तर आत येऊ नये, एवढी सवय अंगात आहे.

दहाव्याला इकडून खाडीवर जाणं झालं. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मला जे कळलं ते परत आल्यावरचं. पिंड ठेवले, कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. इकडून बोलणं झालं, "अंबूताई, तुझं सोवळं गंगेत सोडीन." कावळे हलले नाहीत. "तुझे पापड बंद पडू देणार नाही." हलले नाहीत. मग एकदम, "यमुना टिटवाळ्याचं घर विचारून येईल." आणि कावळा उतरला.

हे सांगताना तुमच्या बापूचे डोळे भरले होते. "बघ, तिला तेच हवं होतं," असं म्हणणं झालं.

आणि मी, पदरानं डोळे पुसत असताना, वन्सं, माझ्या तोंडून निघालं, "कशावरून? तिसरं वचन दिलं तेव्हा ऊन चढलं होतं. कावळा भुकेनं तेव्हाच येणार होता. गप्प बसून पाहिलं होतं का?"

मग इकडून माझ्याकडे असं बघणं झालं की जणू माझ्या अंगात कोणी आलंय. "तू अगदी तिच्यासारखी बोललीस," एवढंच. आणि तेव्हा आम्ही दोघंही रडलो. दहा दिवसांत पहिल्यांदा, यादी न करता.

पण त्या वचनाचं मला भय वाटतं, ते कावळ्यामुळे नाही. त्यातून सुटका नाही म्हणून. भागीरथीबाई नाही म्हणाल्या, तर फरक खरा. दोनांतले एक पापड खरोखरच चांगले होते, आणि कुठले, ते सांगणारं डोकं आता नाही. होय म्हणाल्या, तर सहा काड्या. मग आपलं सगळं भांडण, तुमच्या हाताची निघालेली साल, माझा तो माहेरचा मान, हे सगळं योगावर. आपण उगाच भांडत होतो. मला दोन्हींतलं काही नकोय.

आणि आज त्यात आणखी एक भर पडली. तीही लिहून टाकते, कारण ती मनात ठेवून झोप येणार नाही. पारूबाय जायला निघाली तेव्हा मी सहज विचारलं, "राख दरसाल एवढीच नेत होत्या ना अंबूबाई?"

"दरसाल येक टोपली," ती म्हणाली. "पन यंदा दोन नेल्या. मी बोलली, अंबूबाय, कुनाचं लगीन हाय का? तं हसली."

दोन टोपल्या. म्हणजे काय? तुम्ही दोन्ही दिवशी केळीचाच खार घातलात? एक गाठ, दोन गाठ, आणि आत एकच पापड? मला शिकवायला? मी माहेरच्या खाराची एवढी फुशारकी मारत होते, आणि तुम्ही आत सोवळ्यात बसून हसत होतात? तसं असेल तर नऊ आणि तीन हे निव्वळ दान पडलेलं. शंभरात दोनदा पडतं ते मी काड्यांनी पाहिलं आहे. त्या दोन काड्यांत तुम्ही बसला आहात, असं मला वाटायला लागलं आहे.

इकडून म्हणणं पडलं, "दुसरी टोपली भांड्यांना घेतली असेल. राखेनं भांडीच घासतात ना?" तेही खरं. यंदा नवी पितळी आली होती, घासायला राख जास्त लागली असेल. कशावरून म्हणू, आणि कशावरून नाही म्हणू?

मी उरलेले पापड काढले. दोन्ही गाठींची एकेक पुडी तुम्ही घरासाठी ठेवली होतीत. शेगडीवर एकेक भाजला. डोळे मिटून एक खाल्ला, मग दुसरा. पहिला तुमचा वाटला. दुसराही तुमचाच वाटला. मग पहिल्याकडे परत गेले, तर तो माझा वाटला. त्यानंतर मी पुड्या होत्या तशा बांधल्या. ज्याला एक गाठ होती त्याला एक, ज्याला दोन होत्या त्याला दोन. गाठी बरोबर मारल्या.

वन्सं, तुमच्यावर मी रागावले आहे, आणि तो राग कोणाला सांगता येत नाही. लोक म्हणतील, मेलेल्या नणंदेवर कोणी रागावतं का, तेही पापडांवरून? त्यांना काय सांगू की या घरात आल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्या बोलण्याला "हो गं बाई" न म्हणता "कशावरून" म्हटलं. सासरी सुनेच्या बोलण्याला कोणी पुरावा मागत नाही. एकतर ऐकतात, नाहीतर गप्प बस म्हणतात. तुम्ही मागितलात. म्हणजे तुम्हाला वाटलं, माझ्याकडे असेल. त्याबद्दल तुमचे पाय धरायचे होते. तेव्हा ते सुचलं नाही; तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं.

मघाशी खंडूशेट उठताना म्हणाले, "वहिनी, दुःख आहे, कळतं मला. पण दिवाळी आली. कुठला माल ते?" मी म्हटलं, "सांगते." पारूबाय मागच्या दारातून ओरडली, "बाय, खुंट परलेत. जालू का नको? मना सांग, नाय तं कुजतील." मी म्हटलं, "दोन दिवस थांब." ती म्हणाली, "मी थांबंन. खुंट थांबत नाय."

उद्याची यादी मी आत्ताच केली आहे. भटजींचा शिधा पोचवणे: होईल. सखूमावशींची पातेली परत करणे: होईल. सोवळं वळणीवरून काढून इकडच्या हाती देणे: तेही करीन, सकाळी, मोठं ऊन असताना. पारूबायला निरोप, खंडूशेटला निरोप: हे दोन्ही त्याच्यापुढच्या एका ओळीवर अडून आहेत.

टिटवाळ्याची गाडी रोज सकाळी सुटते. तिकिटाला अडचण नाही, सोबतीला इकडून यायची तयारी आहे. भागीरथीबाई घरीच असतील. दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा आहे, चहा न घेता. माझ्या आजवरच्या सगळ्या याद्यांत याहून सोपं काम नव्हतं.

पण ते घर विचारलं नाही तोवर वीस झालेली नाहीत. आणि वीस झाली नाहीत तोवर तुम्ही सांगायला बांधलेल्या नाहीत. तोवर तुमचं गप्प राहणं हा नियम आहे, मरण नाही. मी त्या दारातून उत्तर घेऊन घरी परत येईन, इथे माजघरात उभी राहीन, "वन्सं, वीस झाली, आता सांगा" म्हणेन, आणि आतून कोणी बोलणार नाही.

टिटवाळ्याला जाऊन भागीरथीबाईंना विचारणे: राहिलं आहे.